विद्यार्थ्याच्या नावाचा पैसा, शिक्षणसंस्थेची जबाबदारी : अमेरिकेतील संघीय अर्थसाहाय्याची व्यवस्था

अमेरिकेत महाविद्यालयीन शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला संघीय सरकारकडून मिळणारे अनुदान किंवा कर्ज सहसा थेट त्याच्या हाती पडत नाही. ते आधी शिक्षणसंस्थेकडे येते. संस्था त्यातून आपले शुल्क वळते करून घेते आणि उरलेली रक्कम विद्यार्थ्याला देते. पैसा विद्यार्थ्याच्या नावाचा असला तरी तिजोरीची किल्ली संस्थेकडे असते. म्हणूनच तेथील नियमांनी संस्थेला या पैशाची विश्वस्त मानले आहे. दरवर्षी शंभर अब्ज डॉलरहून अधिक रक्कम या मार्गाने वितरित होते. संस्थेने हे विश्वस्तपण नीट सांभाळले नाही, तर त्याचा पहिला फटका विद्यार्थ्याला बसतो.

कायद्याची पार्श्वभूमी

या व्यवस्थेचा पाया १९६५च्या उच्च शिक्षण कायद्याने घातला. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ८ नोव्हेंबर १९६५ रोजी टेक्सासमधील सॅन मार्कोस येथे, ज्या महाविद्यालयात ते स्वतः शिकले होते तेथेच, या कायद्यावर स्वाक्षरी केली. विद्यार्थ्यांच्या अर्थसाहाय्याच्या तरतुदी त्याच्या चौथ्या भागात आहेत. तेथील शिक्षणक्षेत्रात हा भाग ‘टायटल फोर’ या नावाने ओळखला जातो. अल्प उत्पन्न गटासाठीचे पेल अनुदान, संघीय कर्जे आणि शिकता शिकता काम करण्याची योजना या भागात मोडतात. २०२५-२६ या वर्षासाठी पेल अनुदानाची कमाल मर्यादा ७,३९५ डॉलर होती.

पात्रतेची तीन दारे

या योजनांत सहभागी होण्यासाठी संस्थेला तीन दारे ओलांडावी लागतात. ज्या राज्यात ती चालते त्या राज्याची परवानगी हे पहिले दार. शिक्षण खात्याने मान्य केलेल्या अधिस्वीकृती मंडळाची अधिस्वीकृती हे दुसरे. संस्थेची आर्थिक स्थिती आणि प्रशासकीय क्षमता तपासून शिक्षण खात्याने दिलेले प्रमाणपत्र हे तिसरे. त्यानंतर संस्थेचा प्रमुख शिक्षण खात्याशी सहभाग करारावर स्वाक्षरी करतो. या कराराची मुदत जास्तीत जास्त सहा वर्षांची असते. मुदत संपल्यावर तपासणी नव्याने होते.

संस्थेची कर्तव्ये

सहभाग करारासोबत कर्तव्यांची मोठी यादी येते. अर्थसाहाय्य मंजूर करणारा आणि ती रक्कम प्रत्यक्ष अदा करणारा विभाग एकच असू नये, हा त्यांतील मूलभूत नियम. विद्यार्थ्याच्या अर्जातील माहिती आणि संस्थेच्या दप्तरातील माहिती यांत विसंगती आढळल्यास पैसे देण्यापूर्वी तिचा उलगडा करणे संस्थेवर बंधनकारक आहे. विद्यार्थ्याची शैक्षणिक प्रगती समाधानकारक आहे की नाही हे ठरावीक काळाने तपासावे लागते. पहिले कर्ज देण्यापूर्वी आणि शिक्षण संपताना त्याला परतफेडीविषयी समुपदेशन द्यावे लागते.

शुल्क वजा जाता खात्यात शिल्लक राहिली, तर ती साधारणपणे १४ दिवसांच्या आत विद्यार्थ्याला द्यावी लागते. घरभाडे, पुस्तके, जेवण यांचा खर्च अनेकदा याच रकमेवर अवलंबून असल्याने ही मुदत महत्त्वाची ठरते. त्याशिवाय दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण करून घेणे, कागदपत्रे किमान तीन वर्षे जपून ठेवणे आणि परिसरातील गुन्ह्यांची वार्षिक माहिती १ ऑक्टोबरपर्यंत प्रसिद्ध करणे हीही संस्थेची कर्तव्ये होत. गुन्ह्यांच्या माहितीचा नियम क्लेरी कायद्यातून आला असून त्याच्या उल्लंघनाबद्दल २०२४ साली लिबर्टी विद्यापीठाला १ कोटी ४० लाख डॉलरचा दंड झाला.

प्रवेश मिळवून देण्याच्या संख्येवर कर्मचाऱ्यांना दलाली देण्यास १९९२पासून मनाई आहे. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांना उत्पन्नाचा किमान १० टक्के भाग संघीय पैशाव्यतिरिक्त अन्य मार्गांनी मिळवावा लागतो. माजी सैनिकांसाठीचे शिक्षणसाहाय्य पूर्वी या मोजणीत संघीय पैसा धरले जात नसे. ही पळवाट २०२१च्या कायदादुरुस्तीने बुजवली.

मध्येच शिक्षण सोडल्यास

सर्वाधिक गोंधळ सत्र अर्धवट सोडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत होतो. विद्यार्थ्याने सत्राचा जितका टक्का काळ पूर्ण केला, तितक्याच टक्के साहाय्यावर त्याचा हक्क मानला जातो. ६० टक्क्यांहून अधिक काळ पूर्ण झाल्यावर मात्र संपूर्ण रक्कम त्याची होते. समजा, एका सत्रासाठी ४,००० डॉलर मिळाले, संस्थेचे शुल्क ३,००० डॉलर आहे आणि ११० दिवसांच्या सत्रात विद्यार्थ्याने ३३व्या दिवशी शिक्षण सोडले. म्हणजे ३० टक्के काळ पूर्ण झाला आणि त्याचा हक्क १,२०० डॉलरपुरताच राहिला. अशा वेळी संस्थेने शुल्काच्या ७० टक्के, म्हणजे २,१०० डॉलर, परत करायचे असतात. विद्यार्थ्याने शिक्षण सोडल्याचे निश्चित झाल्यापासून त्यासाठी ४५ दिवसांची मुदत असते.

गोष्ट येथे संपत नाही. संस्थेच्या स्वतःच्या धोरणात शुल्कमाफी नसेल, तर परत केलेली रक्कम ती विद्यार्थ्याकडून थकीत शुल्क म्हणून मागू शकते. शिक्षणही गेले आणि वर देणेही उरले, अशी अवस्था होते. त्यामुळे शिक्षण सोडल्याची तारीख संस्थेने अचूक नोंदवणे, हा विद्यार्थ्याच्या दृष्टीने थेट पैशाचा प्रश्न असतो.

नियमभंगाचे परिणाम

नियमभंग झाल्यास दंड, सहभागावर मर्यादा, निलंबन आणि अखेरीस करार रद्द करणे असे उपाय शिक्षण खात्याकडे आहेत. संस्थेला आगाऊ रक्कम न देता प्रत्येक खर्चाची तपासणी करून मगच पैसे देण्याचाही मार्ग आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कर्ज बुडवणाऱ्यांचे प्रमाण सलग तीन वर्षे ३० टक्के किंवा त्याहून अधिक राहिले, अथवा एका वर्षी ४० टक्क्यांपलीकडे गेले, तर संस्थेची पात्रता धोक्यात येते.

कोरिंथियन कॉलेजेस या नफेखोर साखळीचे प्रकरण या संदर्भात नेहमी सांगितले जाते. नोकरी मिळालेल्या विद्यार्थ्यांच्या आकडेवारीबाबत मागितलेली माहिती न मिळाल्याने २०१४च्या जूनमध्ये शिक्षण खात्याने तिचा निधी २१ दिवस रोखून धरला. एवढ्यानेच ती साखळी कोलमडली. एप्रिल २०१५मध्ये तिच्या हील्ड कॉलेजला सुमारे ३ कोटी डॉलरचा दंड ठोठावण्यात आला आणि त्याच महिन्यात उरलेली केंद्रे बंद पडून सुमारे १६,००० विद्यार्थी रस्त्यावर आले. तिच्या ५ लाख ६० हजार कर्जदारांचे ५.८ अब्ज डॉलरचे कर्ज माफ करण्याचा निर्णय व्हायला २०२२ साल उजाडले. चूक संस्थेची होती. मधली सात वर्षे मात्र कर्जाचे ओझे विद्यार्थ्यांनी वाहिले आणि अखेरचा भार करदात्यांवर पडला.

बाहेर राहिलेल्या संस्था

ही बंधने नको असलेल्या संस्थांना योजनांबाहेर राहण्याची मुभा आहे. विद्यार्थ्यांना मिळणारे संघीय अनुदान म्हणजे संस्थेलाच मिळालेले साहाय्य होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली ग्रोव्ह सिटी कॉलेज प्रकरणात मान्य केले. त्या महाविद्यालयाने पुढे हे साहाय्य घेणेच सोडले. मिशिगनमधील हिल्सडेल कॉलेजही संघीय पैसा स्वीकारत नाही.

भारतीय कुटुंबांसाठी

भारतातून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांना हे संघीय साहाय्य मिळत नाही. अमेरिकी नागरिक असलेली किंवा कायम वास्तव्याचा परवाना असलेली तेथील मराठी कुटुंबांतील मुले मात्र त्यासाठी पात्र ठरू शकतात. त्यासाठी ‘फाफ्सा’ हा अर्ज भरावा लागतो. त्यात निवडलेल्या संस्थेचा सहा अक्षरी संकेतांक द्यावा लागतो.

असा संकेतांक असणे म्हणजे संस्था चांगली असल्याची हमी नव्हे. कोरिंथियनची महाविद्यालयेही याच व्यवस्थेत सामील होती. अधिस्वीकृतीची सद्यःस्थिती, कर्ज बुडवण्याचे प्रमाण आणि शुल्क परताव्याचे लेखी धोरण प्रवेशापूर्वीच पाहून घेणे हिताचे असते. शिक्षण सोडण्याची वेळ आलीच, तर तसे लेखी कळवून त्याची पोच जपून ठेवावी. पुढे हिशेबाचा वाद उद्भवल्यास तोच कागद विद्यार्थ्याच्या कामी येतो.