मार्सिलिओ फिचिनो आणि ग्रहांची सत्ता

पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्स नगरी विद्येच्या पुनरुज्जीवनाची राजधानी म्हणून गौरविली जाते. परंतु ज्या नगरीत प्लेटोचे संवाद लॅटिन भाषेत अवतरले, त्याच नगरीत फिलिप्पो स्ट्रोझ्झी या धनाढ्य सावकाराने 1489 च्या ऑगस्टमध्ये आपल्या वाड्याचा पाया घातला तो ज्योतिषांनी काढून दिलेल्या मुहूर्तावर, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अशा काळात वावरणाऱ्या मार्सिलिओ फिचिनो या तत्त्वज्ञाने फलज्योतिषाविषयी वेळोवेळी परस्परविरुद्ध भासणारी मते मांडली, आणि त्यामुळे चंचलतेचा जो ठपका त्याच्यावर सहज ठेवता येतो, त्याची शहानिशा करणे न्यायाचे होईल.

फिचिनोचा जन्म 1433 चा. पिता वैद्य, आश्रयदाता कोसिमो दे मेदिची, आणि 1473 पासून स्वतः दीक्षित धर्मोपदेशक. म्हणजे वैद्यक, तत्त्वचिंतन आणि धर्म या तिन्ही सत्तांचा अंमल त्याच्या एकाच चित्तावर चालत होता. त्याच्या कुंडलीत कुंभ लग्नी शनी होता, आणि आपल्या जन्मजात विषण्णतेचे खापर तो त्या ग्रहावर फोडीत असे. जिवलग स्नेही जोव्हान्नी काव्हाल्कान्ती याने त्याबद्दल त्याची कानउघाडणी केली, तेव्हा ही विषण्ण प्रकृती, ॲरिस्टॉटलच्या मतानुसार, एक असामान्य दैवी देणगीच आहे असे म्हणण्यास तो राजी झाला.

तथापि 1477 मध्ये याच शनिग्रस्त पुरुषाने ज्योतिषांच्या फलादेशांविरुद्ध एक जळजळीत ग्रंथ लिहावयास घेतला. ग्रहच सर्व घडवितात असे मानले तर ईश्वराचे विश्वपालन, देवदूतांचा न्याय आणि मनुष्याचे इच्छास्वातंत्र्य ही तिन्ही एकदम हिरावली जातात, हा त्याच्या फिर्यादीचा गाभा होता. हा मसुदा त्याच्या हयातीत छापला गेला नाही. त्यातील काही भाग मात्र पुढे प्राचीन तत्त्वज्ञ प्लॉटिनस याच्यावरील त्याच्या भाष्यात समाविष्ट झाला.

बारा वर्षांनी, 1489 मध्ये, त्याचा जीवनविषयक त्रिखंडी ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याच्या तिसऱ्या खंडात वाचकांना जणू निराळाच फिचिनो भेटला. अतिविद्याव्यासंगाने शुष्क झालेल्या, शनीच्या छायेत खंगणाऱ्या पंडितांनी सूर्य, गुरू आणि शुक्र यांचे प्रसन्न तेज आपल्याकडे कसे ओढून घ्यावे, सुवर्ण, केशर, दालचिनी, मध आणि धूप यांसारख्या सौर पदार्थांचा उपयोग कसा करावा, वीणेसारख्या वाद्याच्या साथीने गायिलेल्या स्तोत्रांनी चित्तवृत्ती आकाशाशी सुसंवादी कशी करावी, याचे सविस्तर विवेचन त्यात आहे. ताइतांचीही चर्चा त्याने केली; परंतु त्यांपेक्षा औषधांवरच त्याचा भरवसा अधिक होता. एवढे असूनही पोपच्या दरबारी जादूटोण्याचा संशय उत्पन्न झाला, आणि वजनदार मित्रांच्या रदबदलीमुळेच तो त्या संकटातून सहीसलामत सुटला.

1494 मध्ये त्याचा तरुण मित्र पिको देल्ला मिरान्दोला फलज्योतिषाच्या खंडनाचा प्रचंड ग्रंथ सिद्ध करीत असता फिचिनोने कवी पोलित्सिआनो याला पत्र लिहून पिकोच्या बाजूने कौल दिला, आणि आपल्या जीवनविषयक ग्रंथात केवळ आरोग्याला उपकारक ते ते, पूर्णपणे सिद्ध नसले तरी, संग्रहित केले होते असा खुलासा केला. या खुलाशात आत्मरक्षणाचा अंश मुळीच नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि तो निव्वळ भीतीपोटी केला असे ठरविणेही अन्यायाचे होईल.

कारण तिन्ही प्रसंगांचे कागद एकत्र मांडले म्हणजे एक सूत्र स्पष्ट दिसते. देहावर, रक्तावर आणि प्रकृतीवर आकाशाचा परिणाम होतो हे वैद्य या नात्याने त्याने कधी नाकारले नाही, आणि आत्म्यावर व संकल्पावर ग्रहांची हुकमत चालते हे धर्मोपदेशक या नात्याने त्याने कधी मान्य केले नाही. या दोहोंमधील सीमारेषा मात्र तो जन्मभर पुन्हापुन्हा आखीत राहिला, कधी ती देहाच्या बाजूला सरकली, कधी आत्म्याच्या. ग्रहांचे देहावरील जे सामर्थ्य त्याने गृहीत धरले ते आजचे वैद्यक मानीत नाही. परंतु आपला स्वभाव हे आपले प्रारब्ध नसून साधनेने घडविण्याची सामग्री आहे, हा त्याचा निवाडा पाच शतकांनंतरही रद्द झालेला नाही, आणि त्याच्या बदलत्या मतांचे मोल या एका निवाड्यावरूनच ठरविले पाहिजे.