सांतिनेजचा ओहळ आणि आमच्या घरचं सांडपाणी

जुन्या पणजीच्या आठवणी निघाल्या की सगळे मळ्यातल्या घरांवर, महालक्ष्मीच्या देवळावर, मांडवीकाठच्या संध्याकाळींवर लिहितात. मी आज सांडपाण्यावर लिहितोय. नाक मुरडू नका, कारण आपली राजधानी पणजीला आली त्यात या पाण्याचाही हात आहे.

ओल्ड गोवा एवढं वैभवाचं शहर, पण तिथली जमीन पाणी मुरणारी. घरोघरचं घाण पाणी मुरायचं आणि शेजारच्या विहिरीत उतरायचं. 1543 मध्ये तिथे पटकीसारखी मोठी साथ आली. 1563 साली गोव्यातच छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या वैद्याने पटकीचं वर्णन करून ठेवलंय. साथी, हिवताप येतच राहिले, माणसं शहर सोडत गेली. 1759 मध्ये व्हाइसरॉयनेही मुक्काम हलवला आणि 1843 मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.

पण पणजी तरी कुठे उंचावर होती? खाजण, दलदल, नारळाची भाटं. 1827 ते 1835 या काळात गव्हर्नर मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू याने दलदल बुजवून रस्ते काढले. म्हणजे खाली पाणी तसंच राहिलं, वर शहर उभं राहिलं.

आमचं घर सांतिनेजच्या ओहळापासून हाकेच्या अंतरावर. आजी सांगायची, लहानपणी ओहळात भरतीबरोबर मासे वर यायचे आणि मुलं पंच्यात धरायची. मला मात्र आठवतो तो वास. पुढे मोठा झाल्यावर कळलं, त्या वासात आमचाही वाटा होता. पावसाळ्यात जमीन भरलेली, त्यात भरती. शोषखड्डा पाणी घेईना, सेप्टिक टाकी तुंबे. मग बाबांनी टाकीतून एक पाईप गुपचूप ओहळाकडे काढला. आजूबाजूच्या कितीतरी घरांनी तेच केलं होतं. त्यामुळे कोणी कोणाला विचारत नसे.

टोंकला 2005 मध्ये नवा मलनिस्सारण प्रकल्प सुरू झाला. दिवसाला 12.5 दशलक्ष लिटर, म्हणजे सव्वा कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करायची त्याची क्षमता. रीत साधी आहे. एकाच टाकीत आळीपाळीने पाणी भरायचं, हवा सोडायची म्हणजे जिवाणू घाण खातात, मग हवा बंद करून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी काढून घ्यायचं. पण प्रकल्प साफ करतो ते फक्त त्याच्यापर्यंत पोचलेलं पाणी. आमचं पोचतच नव्हतं! दारावरून लाईन गेली होती, तरी अंगण खोदावं लागेल, आजीचं तुळशीवृंदावन हलवावं लागेल म्हणून बाबा टाळत राहिले.

बाबांच्या मागे मी जोडणी घेतली. वृंदावन दोन हात सरकलं, तुळस जगली. त्या जुन्या पाईपचं तोंड सिमेंटने बंद करताना फार लाज वाटली. ओल्ड गोव्याच्या लोकांना आपली विहीर कशाने बिघडतेय ते कळत नव्हतं. आम्हाला सगळं कळत होतं.

ओहळ अजून स्वच्छ नाही. पण त्यात आता आमच्या घरचं पाणी नाही, एवढं सांगू शकतो.

तुमच्या जुन्या घरचं पाणी कुठे जायचं, आणि आता कुठे जातं? गोवा असो, बेळगाव असो की बडोदा, आठवत असेल तर जरूर लिहा.