शाईचा डाग

आपल्या दहावीच्या स्नेहसंमेलनातलं कोळीनृत्य ऐनवेळी रद्द झालं, ते आठवतं? "हातवारे बरे दिसत नाहीत" अशी कुणा पालकाची चिठ्ठी आली होती. नऊवारी नेसून तयार झालेल्या मुली ग्रीनरूममध्ये रडत बसल्या होत्या. पॅरिसच्या ऑपेरासमोर उभी राहिले तेव्हा मला ती चिठ्ठी आठवली.

शार्ल गार्निए या वास्तुरचनाकाराने १८६१ मध्ये स्पर्धा जिंकून हे नाट्यगृह बांधायला घेतलं. दर्शनी भागावर खालच्या बाजूला चार शिल्पसमूह हवे होते. त्यांतलं 'नृत्य' कार्पो या शिल्पकाराकडे आलं. अट होती तीन आकृत्यांची. कार्पोने मधोमध खंजिरी घेतलेला पंखवाला तरुण उभा केला आणि त्याच्याभोवती हसत, गिरक्या घेत फेर धरणाऱ्या विवस्त्र स्त्रिया. शेजारचे तीन समूह कसे शिस्तीत, फोटोला उभे राहिल्यासारखे. हा मात्र दगडातून बाहेर पडू पाहणारा! गार्निएने अट मोडलेली पाहिली आणि तरी काम स्वीकारलं. मला त्या माणसाचं कौतुक वाटतं ते इथे.

१८६९ च्या उन्हाळ्यात शिल्प खुलं झालं आणि गहजब उडाला. अश्लील म्हणून वर्तमानपत्रांतून टीका झाली. ऑगस्टमधल्या एका रात्री कुणीतरी त्यावर शाईची बाटली फोडली. डाग निघाला, पण राग निवला नाही. शेवटी शिल्प हलवायचं ठरलं आणि पर्यायी समूहाचं काम गुमेरीला दिलं गेलं. छपरावरचे सोनेरी मूर्तिसमूह त्याचेच. एवढ्यात १८७० चं प्रशियाशी युद्ध पेटलं, सम्राट तिसरा नेपोलियन गादीवरून गेला, पुढच्या वर्षी गुमेरीही वारला. कार्पोचं नृत्य जागेवरच राहिलं. न्याय म्हणून नव्हे, लोकांना दुसरे उद्योग लागले म्हणून.

जानेवारी १८७५ मध्ये ऑपेराचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी कार्पो गेला.

शिल्पाला पुढे खरा त्रास झाला तो शहराच्या धुराचा. १९६४ मध्ये मूळ शिल्प आत नेलं. बाहेर दिसते ती पोल बेलमोंदोने केलेली प्रतिकृती. (सिनेनट झाँ-पोल बेलमोंदोचे हे वडील.) मूळ शिल्प आता ओर्से संग्रहालयात आहे. तिथे मी बराच वेळ शाईचा डाग शोधला. सापडला नाही.