एका वदंतेचा इतिहास

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. बाजारांत उठलेल्या एखाद्या वदंतेलाहि इतिहास असूं शकतो, हा विचार सहसा आपल्या मनांत येत नाहीं. आज मी आपणांस अशाच एका वदंतेची हकीकत सांगणार आहें. ती वदंता अशी होती कीं, ॲपल ही अमेरिकन कंपनी आपल्या पुढील फोनांचा प्रोसेसर सॅमसंगकडून करवून घेण्याचें सोडणार आणि दुसऱ्या कोणाकडे तरी तें काम देणार. वरवर पाहतां हा दोन व्यापाऱ्यांमधील देण्याघेण्याचा प्रश्न. परंतु ती वदंता खरी ठरतांना जें घडलें त्याचे परिणाम आपल्या खिशांतील फोनापासून राष्ट्राराष्ट्रांच्या राजकारणापर्यंत जाऊन पोंचले आहेत. म्हणून ती हकीकत जरा सविस्तर पाहण्याजोगी आहे.

प्रथम या वस्तूची ओळख करून घेऊं. स्मार्टफोनांतील प्रोसेसर म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. फोनाचें सगळें गणित तोच करतो, म्हणून त्याला फोनाचा मेंदू म्हणण्याची चाल पडली आहे. हा तुकडा तयार होण्यास दोन निरनिराळ्या विद्या लागतात. पहिली आराखड्याची: कोणतें विद्युन्मंडल कोठें असावें आणि कोणाशीं जोडावें, हें योजणें. दुसरी घडणीची: तो आराखडा प्रकाशाच्या साह्यानें सिलिकॉनच्या चकतीवर उतरविणें. दागिन्याचा नमुना काढणारा एक आणि तो घडविणारा सोनार दुसरा, असाच हा प्रकार आहे. आमच्या हकीकतींतील सारा तंटा उत्पन्न झाला, तो नमुना देणारा आणि सोनार एकाच पेठेंत समोरासमोर दुकानें थाटून बसले म्हणून.

२००७ च्या जानेवारींत ॲपलनें आपला पहिला आयफोन लोकांपुढें ठेवला व जूनअखेर तो अमेरिकेंत विक्रीस आला. त्यांतील प्रोसेसर कोरियांतील सॅमसंग कंपनीचा होता. त्याआधीं हें काम इंटेल या अमेरिकेंतील अग्रगण्य कंपनीकडे चालून आलें होतें. पॉल ओटेलिनी हे तेव्हां इंटेलचे प्रमुख. ॲपलनें देऊं केलेली किंमत इंटेलनें अंदाजलेल्या उत्पादनखर्चाहून कमी होती, आणि माल अधिक खपला तरी ही तूट भरून निघेल असें कंपनीस वाटलें नाहीं. तेव्हां इंटेलनें नकार दिला. २०१३ सालीं अधिकारपद सोडतांना एका मुलाखतींत ओटेलिनी यांनीं मोकळेपणानें सांगितलें कीं, तो खर्चाचा अंदाजच चुकला होता, आणि फोनांचा खप कोणीहि कल्पिला होता त्याच्या शंभरपट झाला. मन होकार देत होतें, पण हिशेब नको म्हणत होता, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. हिशेबाच्या वहीनें मोठमोठ्यांस कसें चकविलें त्याचें हें एक बोधप्रद उदाहरण होय.

इंटेलनें सोडलेलें काम सॅमसंगच्या पदरांत पडलें. सॅमसंगचा पसारा मोठा होता. ॲपलला लागणारी स्मृति-चिप ती पुरवीत होती, प्रोसेसर घडवीत होती, आणि स्वतःचे फोनहि विकत होती. पुढें ॲपलनें एक दूरदृष्टीचें पाऊल टाकलें. २००८ सालीं तिनें पी. ए. सेमी ही प्रोसेसरांचे आराखडे करणारी लहानशी कंपनी विकत घेतली. २०१० च्या आरंभीं आयपॅडबरोबर ‘ए-४’ नांवाचा प्रोसेसर पुढें आला आणि त्याच वर्षीं तो आयफोनांतहि बसला. आराखडा आतां ॲपलचा झाला, घडण मात्र सॅमसंगचीच राहिली.

त्याच २०१० सालीं सॅमसंगनें ‘गॅलेक्सी एस’ हा आपला फोन बाजारांत आणला. तो आमच्या फोनाची नक्कल आहे, अशी फिर्याद ॲपलनें एप्रिल २०११ मध्यें कॅलिफोर्नियांतील न्यायालयांत गुदरली. ऑगस्ट २०१२ मध्यें ज्यूरीनें सॅमसंगनें सुमारें १०५ कोटि डॉलर भरपाई द्यावी असा निवाडा दिला. पुढें ही रक्कम कमी झाली, अपिलें चालत राहिलीं, आणि अखेर २०१८ सालीं उभयतांनीं आपसांत तडजोड केली. या काळांतील देखावा मोठा विलक्षण होता. न्यायालयांत दोन्ही पक्षांचे वकील एकमेकांवर तुटून पडत होते, आणि त्याच वेळीं टेक्सासमधील ऑस्टिन येथील सॅमसंगच्या कारखान्यांत ॲपलचे प्रोसेसर तयार होत होते. ज्याच्यावर फिर्याद लावली त्याच्याच हातीं आपल्या पुढच्या वर्षीच्या मालाचा नमुना देणें, यासारखी अडचणीची स्थिति व्यापारांत क्वचितच आढळते.

अशा वेळीं वावड्या न उठत्या तरच नवल. २०११ सालींच वृत्त आलें कीं, ॲपलच्या पुढील प्रोसेसरची चांचणी तैवानांतील एका कारखान्यांत सुरू झाली आहे. २०१२ सालीं ‘ए-६’ आला. तो सॅमसंगनेंच घडविलेला निघाला. २०१३ सालीं ‘ए-७’ आला. शंभर कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर असलेला तो प्रोसेसरहि सॅमसंगचाच. दोन वर्षें लागोपाठ वदंता फोल ठरली. मग ती मुळांतच खोटी होती काय? तसें नव्हे. ती दिशेनें खरी होती, काळानें खोटी होती. आणि हा फरक कां पडला हें समजण्यासाठीं आपणांस कारखान्याच्या आंत डोकावलें पाहिजे.

धान्याचा व्यापारी एका अडत्याकडून माल घेण्याचें सोडून उद्यां दुसऱ्याकडे जाऊं शकतो. गहूं तो गहूंच. प्रोसेसरचें तसें नाहीं. प्रत्येक कारखान्याचे रेघा आंखण्याचे नियम वेगळे, थर चढविण्याची रीति वेगळी, ट्रान्झिस्टरची घडण वेगळी. एका कारखान्यासाठीं केलेला आराखडा दुसऱ्याच्या यंत्रावर तसाच चढवितां येत नाहीं. तो नव्यानें मांडावा लागतो, नव्यानें तपासावा लागतो. त्यानंतर चकतीवर शेंकडों प्रक्रिया होतात, त्यांस कित्येक आठवडे लागतात. इतकें करूनहि आरंभीं एका चकतीवरील तुकड्यांपैकीं पुष्कळसे सदोष निघतात. कारागिरांचा हात बसावा तसतसें चांगल्या तुकड्यांचें प्रमाण वाढत जातें. दरसाल सप्टेंबरांत नवा फोन काढणाऱ्या कंपनीला कोट्यवधि तुकडे ठराविक दिवशीं हवेत, एक महिन्याचा विलंबहि परवडावयाचा नाहीं. म्हणून पुरवठादार बदलण्याचा निश्चय आणि तो बदल प्रत्यक्षांत उतरणें यांमध्यें वर्षेंच्या वर्षें जातात. वदंता निश्चयाच्या वासावर उठते. वस्तु मात्र कारखान्याच्या गतीनें चालते.

आतां त्या तैवानांतील कारखान्याकडे वळूं. मॉरिस चँग यांचा जन्म १९३१ सालीं चीनमधील निंगबो शहरीं झाला. अमेरिकेंत शिक्षण घेऊन त्यांनीं टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनींत पंचवीस वर्षें काढलीं. १९८५ सालीं तैवान सरकारनें त्यांस तेथील औद्योगिक संशोधनसंस्थेचे प्रमुख म्हणून बोलाविलें, आणि १९८७ सालीं सरकारच्या व हॉलंडमधील फिलिप्स कंपनीच्या भांडवलावर त्यांनीं शिंचू येथें ‘तैवान सेमिकंडक्टर मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ स्थापिली. जग तिला टी. एस. एम. सी. या अक्षरांनीं ओळखतें. त्यांची मूळ कल्पना अगदीं साधी होती. ही कंपनी स्वतःच्या नांवाची एकहि चिप विकणार नाहीं. ती केवळ दुसऱ्यांच्या आराखड्यांची घडण करील. म्हणजे हा सोनार गिऱ्हाइकासमोर स्वतःचें दुकान कधींच मांडणार नव्हता. ज्यांस आपला नमुना चोरीस जाईल ही धास्ती होती, त्यांस हें एक वचनच पुरेसें होतें.

२००९ सालीं, वयाची ७७ वर्षें उलटल्यावर, चँग यांनीं कंपनीचीं सूत्रें पुन्हां आपल्या हातीं घेतलीं. पुढें काय झालें तें ॲपलचे एक प्रमुख अधिकारी जेफ विल्यम्स यांनीं २०१७ सालीं या कंपनीच्या तिसाव्या वर्धापनदिनीं जाहीरपणें सांगितलें. २०१० सालीं ते चँग यांच्या घरीं जेवावयास गेले होते. तेथेंच या संबंधाचा पाया पडला. तैवानच्या कंपनीनें नऊ अब्ज डॉलर ओतले, सहा हजार माणसें रात्रंदिवस कामास लाविलीं, आणि ताइनान येथील कारखाना अकरा महिन्यांत उभा केला. म्हणजे ज्या वदंतेला जग २०११ पासून ‘हवेंतील गोष्ट’ समजत होतें, तिचें बीज त्याआधींच एका जेवणाच्या पंक्तींत रुजलें होतें.

सप्टेंबर २०१४ मध्यें ‘आयफोन ६’ आला आणि त्यांतील ‘ए-८’ तैवानांत घडविलेला होता. ट्रान्झिस्टर दोनशें कोटि. सॅमसंगनेंहि हात टेकले नाहींत. तिनें नवी, अधिक सूक्ष्म घडणीची पद्धति सिद्ध केली आणि २०१५ च्या ‘ए-९’चें काम दोघांत वांटलें गेलें. तेव्हां एक गंमत झाली. नांव एक, आराखड्याचें मूळ एक, पण तुकडे दोन आकारांचे निघाले. सॅमसंगचा किंचित् लहान, तैवानचा किंचित् मोठा. कोणाच्या घडणीचा फोन आपल्या वांट्यास आला हें शोधून काढण्याचा लोकांना छंदच जडला. विद्युत्संचय कोणत्या फोनांत अधिक टिकतो यावर वाद माजला, आणि प्रत्यक्ष वापरांत फरक दोनतीन टक्क्यांपलीकडे नाहीं असा खुलासा ॲपलला करावा लागला. २०१६ पासून मात्र आयफोनाच्या मुख्य प्रोसेसरचें सर्व काम तैवानच्या कंपनीकडेच राहिलें आहे. वदंता पूर्णपणें खरी झाली.

येथें गोष्ट संपली असती तर ती एका व्यापारी चातुर्याची गोष्ट ठरली असती. पण इतिहासाचा खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. ॲपलला सुटका हवी होती ती प्रतिस्पर्ध्यावर अवलंबून राहण्यांतून. ती मिळाली. परंतु विश्वासाच्या ज्या आकर्षणानें ॲपल त्या बेटाकडे गेली, त्याच आकर्षणानें इतरहि गेले. २०२३ सालीं खुद्द सॅमसंगनें आपल्या ‘गॅलेक्सी एस-२३’ फोनांत स्वतःचा प्रोसेसर बाजूस ठेवून सर्वत्र क्वालकॉमचा वापरला; आणि क्वालकॉमचा तो प्रोसेसर घडला होता तैवानांत! आपल्याकडील गिऱ्हाइकांना याचें महत्त्व विशेष आहे. कारण त्यापूर्वीं, उदाहरणार्थ २०२० सालीं, त्याच मालिकेंतील फोन अमेरिकेंत क्वालकॉमच्या प्रोसेसरसह मिळे, तर भारतांत त्याच नांवाखालीं सॅमसंगचा प्रोसेसर येई. २०२५ सालीं गूगलनेंहि आपल्या फोनांच्या प्रोसेसरचें काम सॅमसंगकडून काढून त्याच तैवानी कंपनीस दिलें. एकेकाचा निर्णय शहाणपणाचा. पण सर्वांच्या शहाणपणाची बेरीज अशी झाली कीं, जगांतील अत्यंत प्रगत प्रोसेसरांचा फार मोठा भाग एका लहानशा बेटावर तयार होऊं लागला.

आणि तें बेट कसें आहे? २१ सप्टेंबर १९९९ रोजीं तेथें झालेल्या भूकंपांत दोन हजारांहून अधिक माणसें दगावलीं आणि शिंचूचे कारखाने कित्येक दिवस बंद पडले. एप्रिल २०२४ मध्यें पुन्हां मोठा धक्का बसला. या खेपेस पूर्वतयारीमुळें बहुतेक यंत्रें लवकर चालूं झालीं. भूकंपापेक्षांहि मोठी धास्ती राजकारणाची. चीन त्या बेटावर आपला हक्क सांगतो. अमेरिकेला ही चिंता वाटूं लागली तेव्हां २०२० सालीं ॲरिझोनांत कारखाना काढण्याची घोषणा झाली. तेथें उत्पादन सुरू व्हावयास २०२४ ची अखेर उजाडली. त्यांतहि, या सूक्ष्म घडणीस लागणारीं अत्यंत लघु तरंगलांबीच्या अतिनील किरणांचीं यंत्रें जगांत एकच कंपनी बनविते, ती हॉलंडमधील ए. एस. एम. एल. सोनाराच्या पाठीमागें हातोडा करणारा लोहार उभा आहे, आणि तोहि एकच!

पुरवठादार बदलणें स्वेच्छेनें असतें तेव्हां त्यास धोरण म्हणतात. सक्तीनें येतें तेव्हां तें संकट होतें. चीनच्या ह्वावे कंपनीनें हें अनुभविलें. तिचे आराखडे उत्तम होते, घडण तैवानांत होई. अमेरिकेच्या निर्बंधांमुळें १५ सप्टेंबर २०२० नंतर तो पुरवठा तुटला आणि फोनांच्या बाजारांतील तिचें स्थान ढांसळलें. जवळजवळ तीन वर्षांनीं, ऑगस्ट २०२३ मध्यें, चीनमध्येंच घडविलेला प्रोसेसर घेऊन तिचा नवा फोन आला. तो सर्वांत प्रगत घडणीचा नव्हता. परंतु तो आला, हीच बातमी ठरली.

श्रोते हो, अमुक कंपनी पुढील वर्षीं प्रोसेसर कोणाकडून घेणार, अशा वार्ता आजहि दर कांहीं महिन्यांनीं उठतात व पुढेंहि उठतील. त्या ऐकतांना, घडणार कीं नाहीं एवढेंच विचारूं नये. आराखडा कोणाचा आहे, घडविणारा आपला प्रतिस्पर्धी आहे कीं निव्वळ कारागीर आहे, आणि तो कारागीर उद्यां हात आंखडून बसला तर दुसरा तयार होण्यास किती वर्षें लागतील, हे तीन प्रश्न विचारावे. ‘आपला हात जगन्नाथ’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ॲपलनें आराखड्यापुरता तरी तो हात कमावला, म्हणून तिला सोनार बदलतां आला. ज्याच्यापाशीं आराखडाहि नाहीं त्याला निवडीचा प्रश्नच येत नाहीं. पण घडणीचा हात आजहि तिचा नाहीं. २०१० सालीं ती सॅमसंगवर अवलंबून होती, आज तैवानवर आहे. मधल्या काळांत परावलंबन संपलें नाहीं, त्याचा धनी तेवढा बदलला. हा धनी अधिक विश्वासू आहे हें खरें. परंतु भूकंप आणि युद्ध यांना कोणाचा विश्वासूपणा अडवूं शकत नाहीं, हें ध्यानांत ठेवूनच पुढील वदंता ऐकावी, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.