मालवणचा चिवला किनारा

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही. प्रवरेवरील भंडारदरा जलाशय आहे. मात्र त्याचे पाणी खोल असल्याने मुलांना घेऊन पोहण्याची ती जागा नव्हे. सहकुटुंब पोहण्यासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणचा चिवला किनारा अधिक सोयीचा आहे. समोरच्या खडकांवर लाटांचा जोर मोडत असल्याने हिवाळ्यात येथील पाणी तुलनेने शांत असते. डिसेंबरमध्ये येथे सागरी जलतरण स्पर्धाही भरतात.

स्नॉर्केलिंग, म्हणजे चष्मा व श्वासनळी लावून पाण्यावर तरंगत तळ न्याहाळणे, मालवणात प्रामुख्याने सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात चालते. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये या किल्ल्याची उभारणी सुरू केली. हा परिसर १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात येतो. येथील प्रवाळ सजीव असून त्यांची वाढ अतिशय संथ असते. त्यांवर पाय ठेवू नये, तुकडेही उचलू नयेत.

विहिरीत पोहणाऱ्यानेही समुद्राला गृहीत धरू नये. प्रवाह आत ओढू लागल्यास त्याच्याशी न झगडता किनाऱ्याला समांतर पोहत बाहेर पडावे. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची नौका उलटून दोघांचा मृत्यू झाला होता. त्यामुळे नौकेत प्रत्येकाने जीवरक्षक जॅकेट घालावे, मुलांना नजरेआड होऊ देऊ नये.

केव्हा जाल : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात पाण्यात उतरू नये.

कसे जाल : कोकण रेल्वेने कुडाळ, तेथून मालवण सुमारे ३० किलोमीटर.