कप्तान कोण?

आमच्या अंबरनाथ-बदलापूरकडच्या मैदानांवर मॅचआधीचा पहिला वाद हाच: कप्तान कोण? अशा वेळी मला पालवणकर बंधू आठवतात.

थोरले बाळू म्हणजे १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेणारे डावखुरे फिरकी गोलंदाज. पण जातीने चांभार, म्हणून हिंदू संघाचं कप्तानपद त्यांना कधीच दिलं गेलं नाही. १९२० मध्ये ठरलेले कप्तान पै आजारी पडले, तेव्हाही निवड झाली ती देवधरांची. बाळूंना तर संघातूनच वगळलं होतं. निषेध म्हणून भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघाबाहेर पडले.

शेवटी १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले आणि त्याच मोसमात हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. धाकट्याच्या त्या विजयात थोरल्याचा वाटा किती, ते कुठल्या स्कोअरबुकात सापडायचं? असो.