फोटो नक्की कोणी काढला?

परवा भाच्याने एक चित्र पाठवलं. पावसात भिजलेला वाडा, ओसरीवर कंदील. झकास! कोपऱ्यात कॉपीराइटची खूण आणि स्वतःचं नाव. म्हटलं, "अरे, हे तर एआयने काढलंय ना?" तर म्हणतो, "मावशी, फोटोखाली काय कॅमेऱ्याचं नाव घालतात?"

घ्या! पण हा वाद त्याच्या पणजोबांहूनही जुना आहे.

जानेवारी १८८२. ऑस्कर वाइल्ड व्याख्यानांसाठी अमेरिकेत आला होता. न्यूयॉर्कमध्ये नेपोलियन सरोनीने त्याचे फोटो काढले. त्यातल्या एकाच्या ८५ हजार प्रती बरो-जाइल्स नावाच्या छपाई कंपनीने न विचारता काढल्या. सरोनी कोर्टात गेला. कंपनी म्हणे, फोटो ही यंत्राने उतरवलेली नक्कल, तिला कसला आलाय कर्ता! १८८४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने सरोनीच्या बाजूने निकाल दिला. वाइल्डला बसवायचं कसं, कपडे-पडदे कुठले, उजेड कुठे नि सावली कुठे, हे सगळं त्याने ठरवलं होतं ना! साध्यासुध्या फोटोंचं काय, यावर मात्र कोर्टाने मौन पाळलं. (गंमत म्हणजे सरोनी स्वतः कॅमेऱ्याला सहसा हातही लावत नसे. ते काम मदतनीसाचं!)

म्हणजे 'नुसतं सांगितलं, केलं दुसऱ्याने' एवढ्यावर भाच्याला निकालात काढता येत नाही.

स्टीफन थेलर यांनी तर कर्ता म्हणून थेट आपल्या यंत्राचंच नाव लावलं होतं. २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने सांगितलं, कर्ता माणूसच हवा. आपल्याकडे १९९४ च्या दुरुस्तीने कायद्यात आलंय की संगणकाने निर्माण केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती. वाचून शाळेतलं प्रयोजक क्रियापद आठवलं. करणारा वेगळा, करवणारा वेगळा! पण १९९४ मध्ये संगणकाला एका ओळीत 'वाडा काढ' म्हणता येईल, असं कोणाच्या ध्यानीमनी असणार?

मला विचाराल तर हक्क द्यावा, पण ठरवलेल्या गोष्टींपुरताच. नाहीतर एका दुपारी हजार चित्रं काढवून घेणारा हजार चित्रांचा मालक, आणि ज्यांची चित्रं पाहून यंत्र शिकलं ते चित्रकार बसले हात चोळत.

असो. भाच्याला फोन केला. विचारलं, "कंदील ओसरीवरच का रे ठेवलास?"

"मी कुठे ठेवला? तो आपोआप आला."

मग जरा वेळ गप्प. काल दुसरं चित्र आलं. कंदील माजघरात, दार अर्धवट उघडं. म्हणे बाविसाव्या खेपेला जमलं. नाव अजून घातलेलं नाही.